दौतीतील भुतांचा धनी : मॅक्स फ्लायशर

१९५०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत घरोघरी दूरचित्रवाणी संच पोहोचले. पण दिवसभर दाखवायला पुरेसे कार्यक्रम वाहिन्यांजवळ नव्हते. तेव्हा चित्रपट कंपन्यांच्या गोदामांत पडून असलेली वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची कृष्णधवल कार्टून घाऊक भावाने विकली गेली आणि शाळेतून घरी आलेली मुले ती पाहू लागली. पडद्यावर जे दिसे ते मात्र शहारे आणणारे होते. गुहेच्या अंधारात वॉलरसच्या रूपातले एक भूत गात-नाचत असे. सांगाडे दारू ढोसत. कैद्यांची भुते गजांतून आरपार बाहेर येत. डोळ्यांच्या जागी नुसती भोके असलेली मांजर आपल्या तशाच पिलांना पाजत बसे. त्या पिढीतील अनेकांच्या मनात ही चित्रे आयुष्यभर राहिली. बालपणीच्या ज्या भीतीची पुढे ओढ लागते, त्या भीतीपैकी ही एक. पण ती ज्याच्या कारखान्यातून आली, त्या माणसाचे नाव अनेक प्रतींवरून काढून टाकलेले होते.

तो माणूस म्हणजे मॅक्स फ्लायशर. जन्म १९ जुलै १८८३, क्राकूव्ह येथे. आज पोलंडमध्ये असलेले हे शहर तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. ज्यू कुटुंब; वडील शिंपी. १८८७ च्या सुमारास हे कुटुंब न्यूयॉर्कला आले. वडिलांनी मॅनहॅटनमध्ये उंची कपड्यांचे दुकान थाटले आणि काही काळ बरकतही पाहिली. परंतु यंत्रावर शिवलेल्या तयार कपड्यांची लाट आली आणि हाताच्या कसबावर चालणारा धंदा बुडाला. कुटुंबाला ब्रुकलिनमधील ब्राउन्सव्हिल या गरीब ज्यू वस्तीत जावे लागले. यंत्राने बापाची रोजी हिरावलेल्या घरातून यंत्रांवर जीव टाकणारा मुलगा निघावा, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे.

मॅक्सचे शिक्षण तुकड्यातुकड्यांनी झाले. थोडे कूपर युनियनमध्ये, थोडे आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये, शिवाय कारागिरांसाठी चालणाऱ्या तांत्रिक शाळेत. एका हातात कुंचला आणि दुसऱ्या हातात पाना, अशी त्याची घडण होती. ‘ब्रुकलिन डेली ईगल’ या दैनिकात तो निरोप्या म्हणून लागला आणि चढत चढत व्यंगचित्रकार झाला. तेथेच त्याची जॉन ब्रे या चित्रकाराशी ओळख झाली. ती पुढे कामी आली. १९०५ मध्ये त्याने एसी या बालमैत्रिणीशी विवाह केला. काही वर्षे जाहिराती आणि मालाच्या सूचिपत्रिकांसाठी चित्रे काढल्यावर तो ‘पॉप्युलर सायन्स’ या मासिकाचा कलासंपादक झाला. नवनवी यंत्रे वाचकांना चित्रांतून समजावून सांगणे हे त्याचे काम होते. त्याच्यासाठी याहून योग्य नोकरी शोधूनही सापडली नसती.

त्या काळी हलती चित्रे बाल्यावस्थेत होती. पात्रे अडखळत, झटके देत चालत. मॅक्सला हे खटकले आणि त्याने त्यावर यांत्रिक उपाय शोधला. आधी जिवंत माणसाचे चित्रीकरण करायचे. मग त्या फितीतील एकेक चौकट मागून काचेवर पाडायची आणि काचेवर कागद ठेवून आकृती गिरवायची. शेकडो चौकटी अशा गिरवून पुन्हा छायाचित्रित केल्या की रेखाटलेला माणूस खऱ्या माणसासारखा हालू लागे. या यंत्राचे नाव रोटोस्कोप. १९१५ च्या डिसेंबरात त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१७ च्या ऑक्टोबरात ते मिळाले. पहिल्या प्रयोगासाठी धाकटा भाऊ डेव्ह विदूषकाचा पोशाख घालून गच्चीवर उड्या मारत राहिला. एक मिनिटाच्या आसपास चालणारी ती फीत पुरी व्हायला जवळजवळ वर्ष लागले. हाच विदूषक पुढे कोको म्हणून प्रसिद्ध झाला.

येथे थोडे थांबायला हवे, कारण फ्लायशर-चित्रांतील भयाचे मूळ याच गच्चीवर आहे. वास्तवाची हुबेहूब नक्कल करण्यासाठी केलेल्या या यंत्रातून अत्यंत अवास्तव चित्रे जन्माला आली. नुसत्या कल्पनेने काढलेले भूत कितीही विद्रूप असले तरी ते चित्रच राहते. पण ज्याच्या अंगात माणसाचे वजन आहे, ज्याचा पाय जमिनीवर खऱ्या पायासारखा घसरतो, असे भूत पाहताना मन गोंधळते. देह अशक्य कोटीतला, हालचाल मात्र ओळखीची! मुलांना हे शब्दांत सांगता येत नसेल. पण नजर ते टिपतेच.

पहिल्या महायुद्धात ब्रे यांच्या कंपनीसाठी मॅक्सने ओक्लाहोमातील लष्करी तळावर सैनिकांच्या प्रशिक्षणाचे चित्रपट केले. युद्धानंतर दौतीतून बाहेर येणाऱ्या कोकोची मालिका सुरू झाली आणि १९२१ मध्ये भावांनी स्वतःची कंपनी काढली. मालिकेचा साचा ठरलेला होता. पडद्यावर स्वतः मॅक्स हाडामांसाचा चित्रकार म्हणून मेजाशी बसलेला. त्याच्या लेखणीतून कोको प्रकटायचा, निर्मात्याच्या खोड्या काढायचा, मेजावरून पळून खऱ्या जगात धुमाकूळ घालायचा आणि अखेरीस त्याला पुन्हा दौतीत जावे लागायचे. निर्माता आणि निर्मिती यांच्यातील हे भांडण विनोदी होते, पण त्यात एक थंड क्रौर्यही होते. कोकोला आपण शाईचे आहोत हे ठाऊक असे.

मॅक्सची जिज्ञासा येथेच थांबली नाही. १९२३ मध्ये त्याने आइनस्टाइनच्या सापेक्षतावादावर चित्रपट काढला, १९२५ मध्ये उत्क्रांतीवर. ली डी फॉरेस्ट यांच्या ध्वनितंत्राच्या साहाय्याने त्याने बोलकी गीत-कार्टून केली. पडद्यावरील शब्दांवरून उड्या मारत जाणारा चेंडू, ज्याच्या तालावर सारे प्रेक्षागृह गात असे, तो याच काळातला. डिस्नेच्या ‘स्टीमबोट विली’ला, म्हणजे १९२८ ला, तेव्हा अजून अवकाश होता. तरी कार्टूनला वाचा फोडण्याचे श्रेय आजही बहुतेक ठिकाणी डिस्नेलाच दिले जाते. मॅक्सची स्वतःची वितरण कंपनी दोन-तीन वर्षांतच बुडाली होती, हे त्याचे एक कारण असावे. शोध लावणे आणि शोधाचा व्यापार करणे ही दोन निराळी कसबे आहेत. दुसरे मॅक्सला कधी साधले नाही.

१९२९ मध्ये फ्लायशर स्टुडिओ नव्याने उभा राहिला. पत्ता १६०० ब्रॉडवे, टाइम्स स्क्वेअरच्या गजबजाटात. वितरण पॅरामाउंटकडे. यानंतरची चार-पाच वर्षे म्हणजे या कारखान्याचा खरा बहर.

डिस्नेची कार्टून कॅलिफोर्नियाच्या उन्हात, कुरणांत, कोठारांत घडत. फ्लायशरांची घडत गटारांत, बोळांत, तळघरांत. त्यांत चंद्राला तोंड फुटे, खुर्ची पाय काढून पळे, घराचे दार दात विचके. मंदीचा काळ होता. चित्रे काढणारी बरीच मंडळी स्थलांतरितांच्या वस्त्यांत वाढलेली होती आणि संवाद बहुधा चित्रे तयार झाल्यावर ध्वनिमुद्रित होत, त्यामुळे पात्रे ओठ न हलवताही पुटपुटत. १९३० च्या ‘स्विंग यू सिनर्स’मध्ये बिंबो नावाचा कुत्रा कोंबडी चोरतो आणि स्मशानात शिरतो. दरवाजा मागे बंद होतो. थडगी, भिंती, झाडे त्याच्या पापांचा हिशेब मागू लागतात. सुटका नाही, शेवटी एक कवटी त्याला गिळते. १९३१ च्या ‘बिंबोज इनिशिएशन’मध्ये तोच कुत्रा रस्त्यावरच्या गटाराच्या भोकात पडतो. डोक्यावर मेणबत्त्या लावलेले बुरखेधारी त्याला आपल्या गुप्त मंडळाचा सभासद होण्याविषयी विचारत राहतात आणि प्रत्येक नकारानंतर सुऱ्या, सापळे, फिरत्या भिंती त्याच्यामागे लागतात. सहा-सात मिनिटांच्या या पटात एकही क्षण वाया गेलेला नाही.

ही चित्रे मुलांसाठी केलेली नव्हती, हे ध्यानात घ्यावे लागते. ती मुख्य चित्रपटाआधी दाखवली जात आणि समोर दिवसभराच्या कामाने थकलेली माणसे बसलेली असत. बेटी बूप त्यांच्यासाठीच होती. १९३० मध्ये ग्रिम नॅटविक या चित्रकाराने तिला कुत्र्याचे कान देऊन जन्माला घातले. १९३२ पर्यंत कानांची कर्णभूषणे झाली आणि ती पूर्ण स्त्री बनली. ‘मिनी द मूचर’मध्ये जेवणावरून आई-वडिलांशी भांडून ती घर सोडते आणि त्या गुहेत जाऊन पोहोचते. तेथे नाचणाऱ्या वॉलरसच्या अंगात हार्लेमचा गायक-वादक कॅब कॅलोवे आहे, रोटोस्कोपने गिरवलेला. १९३३ च्या ‘स्नो-व्हाइट’मध्ये कॅलोवेच्याच आवाजात कोको मृत्यूचे गाणे गातो, गाता गाता त्याचे लांब पायांचे पांढरे भूत होते आणि भिंतींवरील सांगाडे मागे सरकत जातात. हा सबंध पट रोलँड क्रँडल या चित्रकाराने जवळजवळ एकहाती काढला.

याच चित्रांत काळ्या कलावंतांच्या संगीताला दाद होती आणि त्याच वेळी त्यांचा अवमानही होता. लुई आर्मस्ट्राँग असलेल्या १९३२ च्या पटात त्याचे गाणे अद्भुत आहे, पण चित्रांतले नरभक्षक रानटी लोक आज पाहवत नाहीत. त्या काळाची रीत होती एवढे म्हणून हा डाग पुसला जात नाही.

१९३४ मध्ये चित्रपटांवर नीतिनियमांचा अंमल कडक झाला. बेटीचा झगा लांब झाला, तिच्या घरात शिस्त आली आणि भुते निघून गेली. स्टुडिओला पोपायने तारले. सीगरच्या चित्रमालिकेतील हा खलाशी १९३३ मध्ये पडद्यावर आला आणि मिकीला टक्कर देऊ लागला. मॅक्सने आणखी एक यंत्र रचले. फिरत्या मेजावर घरे, गुहा, खडक यांचे छोटे नमुने उभे करायचे, त्यांच्यापुढे काचेमध्ये पात्राचे चित्र धरायचे आणि दोन्ही एकदम टिपायचे. १९३६ च्या सिंदबादपटातील गुहेला जी खोली आहे, ती अशी खरी आहे. भारतात केबलवर पोपाय पाहत वाढलेल्या मराठी मुलांनीही, नकळत, फ्लायशरांचाच खलाशी ओळखला.

मग उतरण लागली. १९३७ मध्ये कमी पगार आणि कामाच्या तासांवरून चित्रकारांनी संप केला. तो पाच महिने चालला. आपल्या माणसांना आपण मुलांसारखे वागवतो अशी मॅक्सची समजूत होती, आणि हा संप त्याच्या जिव्हारी लागला. पण मुलांसारखे वागवणे आणि पुरेसा पगार देणे यांत फरक असतो, हे त्याने पाहिले नाही. पॅरामाउंटच्या कर्जावर स्टुडिओ १९३८ मध्ये मायामीला गेला. डिस्नेच्या पूर्ण लांबीच्या ‘स्नो व्हाइट’ला उत्तर म्हणून १९३९ च्या डिसेंबरात ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ आला. तो चालला, पण कर्ज फिटले नाही. याच सुमारास मॅक्स आणि डेव्ह यांचे बोलणे बंद झाले. एकाच इमारतीत बसून गच्चीवरचा तो विदूषक आणि त्याला गिरवणारा भाऊ चिठ्ठ्या पाठवून कारभार करू लागले. १९४१ मध्ये ‘सुपरमॅन’ची देखणी मालिका सुरू झाली, परंतु त्याच वर्षी मे महिन्यात पॅरामाउंटने स्टुडिओची मालकी आपल्याकडे घेतली होती. कीटकांवरचा दुसरा मोठा चित्रपट पर्ल हार्बरच्या हल्ल्याच्या दिवसांतच प्रदर्शित झाला आणि वाहून गेला. दोघे भाऊ बाहेर पडले. कंपनीचे नाव बदलून फेमस स्टुडिओज झाले.

त्या फेमस स्टुडिओजमध्ये मॅक्सचा जावई, सेमूर नाइटेल, महत्त्वाच्या पदावर होता. त्याच्या नोकरीला धक्का लागू नये म्हणून मॅक्स अनेक वर्षे न्यायालयात गेला नाही. दरम्यान त्याने डेट्रॉइटमध्ये एका कंपनीत शैक्षणिक आणि जाहिरातींचे चित्रपट केले. पुढे कार्टून दूरचित्रवाणीला विकली गेली, नाव उडाले, तेव्हा त्याने दावा लावला. फार उशीर झाला होता. हाती काही लागले नाही.

मुलगा रिचर्ड चित्रपट दिग्दर्शक झाला. वॉल्ट डिस्नेने ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ त्याच्याकडे सोपवायचे ठरवले, तेव्हा रिचर्डने आधी वडिलांना विचारले. मॅक्सने क्षणभरही आडकाठी केली नाही. पुढे डिस्नेने मॅक्सला आपल्या स्टुडिओत जेवायला बोलावले. टेबलाभोवती फ्लायशरांकडे कामाला असलेले आणि आता डिस्नेकडे असलेले चित्रकार बसले होते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कोकोची नवी रंगीत मालिका दूरचित्रवाणीवर आली. जुन्यासमोर ती फिकी होती.

१९६७ मध्ये मॅक्स आणि एसी कॅलिफोर्नियात चित्रपट-कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या वृद्धनिवासात राहायला गेले. सप्टेंबर १९७२ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी, मॅक्सचे निधन झाले. डेव्ह त्यानंतर सात वर्षांनी गेला. १९७४ मध्ये बेटीच्या जुन्या पटांचे संकलन चित्रपटगृहांत आले आणि दूरचित्रवाणीसमोर घाबरलेली मुले, आता तरुण झालेली, ते पाहायला गेली. फ्लायशरांचा ‘स्नो-व्हाइट’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत १९९४ मध्ये समाविष्ट झाला. डिस्नेचा त्याच सूचीत पहिल्याच वर्षी, १९८९ मध्ये, गेला होता.