आधी हवा मोजली, मग यंत्र बनवले

मलकापूर-बुलढाणा रस्त्यावरचे मोताळा घाटाखाली येते. राजूर घाट चढून बुलढाण्यात शिरले की उन्हाळ्यातही हवा जरा सुसह्य वाटते. घाटाखाली मात्र एप्रिल-मेमध्ये रात्री उशिरापर्यंत भिंती आणि स्लॅब तापलेलेच असतात. तरीही घर विकत घेताना उतारा, पाणी, रस्ता, शेजार एवढेच पाहिले जाते. हे घर किती तापते आणि ते थंड कसे होणार, हा प्रश्न राहायला आल्यावर पडतो. मग बाजारातला मोठ्यात मोठा कूलर किंवा एसी आणला जातो. आधुनिक एसीचे जनक मानले जाणारे विलिस कॅरिअर यांची पद्धत नेमकी याच्या उलट होती.

कॅरिअर यांचा जन्म 26 नोव्हेंबर 1876 रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, अँगोला गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. ते एकुलते एक होते. लहानपणी त्यांना अपूर्णांक समजेनात, तेव्हा आईने सफरचंदे कापून अर्धे, पाव, अष्टमांश दाखवले. किचकट प्रश्नाचे लहान तुकडे करून तो सोडवायचा, ही सवय तिथून लागली आणि आयुष्यभर टिकली. ते 11 वर्षांचे असताना आई गेली. घरची स्थिती बेताची होती. शिष्यवृत्ती मिळवून आणि पडेल ती कामे करून ते कॉर्नेल विद्यापीठात शिकले. 1901 मध्ये इंजिनिअर होऊन ते बफेलो शहरातील एका कारखान्यात आठवड्याला 10 डॉलर पगारावर रुजू झाले. हा कारखाना पंखे आणि इमारती गरम करण्याची यंत्रे बनवत असे.

त्यांची पहिली कामे थंडाव्याची नव्हती, उष्णतेची होती. लाकूड वाळवायचे, कॉफी वाळवायची. तेव्हा अशी यंत्रे अंदाजाने बसवली जात. कमी पडायला नको म्हणून गरजेपेक्षा मोठी घेतली जात आणि पैसा व कोळसा वाया जाई. कॅरिअर यांनी गरम नळ्यांवरून हवा सोडली की ती किती तापते, याची मोजमापे घेऊन कोष्टके तयार केली. कारखान्याचा खर्च वाचला आणि त्यांना स्वतंत्र प्रयोगशाळा मिळाली.

1902 मध्ये ब्रुकलिनमधील एका छापखान्याची तक्रार आली. तिथे रंगीत छपाई होई. एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवावे लागत. दमट दिवसांत कागद फुगे, कोरड्या दिवसांत आकसे, त्यामुळे एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नसे. खोली थंड करून हे सुटणार नव्हते, हवेतली वाफ आवरायला हवी होती. 25 वर्षांच्या कॅरिअर यांनी हवामान खात्याची कोष्टके अभ्यासली आणि हवा थंड नळ्यांवरून नेण्याची योजना आखली. थंड पेल्यावर बाहेरून पाणी जमते, तशी हवेतली वाफ त्या नळ्यांवर जमते आणि हवा कोरडी होते. 17 जुलै 1902 ही या आराखड्याची तारीख आधुनिक वातानुकूलनाचा जन्मदिवस मानली जाते. बाराही महिने 55 टक्के आर्द्रता राखणे हे उद्दिष्ट होते. त्यासाठी लागणारा थंडावा रोज सुमारे 49 हजार किलो बर्फ वितळवण्याइतका होता.

आजही एसी घेताना एक टन, दीड टन असे विचारतात, त्याचे मूळ याच हिशेबात आहे. हा टन यंत्राच्या वजनाचा नाही. अमेरिकी मापाचा एक टन, म्हणजे सुमारे 907 किलो बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता एक टनाचा एसी खोलीतून बाहेर काढतो.

त्याच वर्षी पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर धुक्यात उभे असताना कॅरिअर यांना पुढचा धागा सापडला. धुक्यातली हवा पूर्ण भिजलेली असते, पण गार असल्यामुळे तिच्यात एकूण पाणी थोडेच असते. म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यातून हवा नेली आणि त्या पाण्याचे तापमान आपल्या हातात ठेवले, तर हवेत किती ओलावा उरेल हे ठरवता येते. पाण्याने हवा कोरडी करण्याची ही कल्पना ऐकणाऱ्यांना विचित्र वाटे. 2 जानेवारी 1906 रोजी तिचे पेटंट मिळाले. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून सूतगिरण्यांनी हे तंत्र लवकर स्वीकारले. 1907 मध्ये ते जपानच्या रेशीम गिरणीपर्यंत पोहोचले.

डिसेंबर 1911 मध्ये कॅरिअर यांनी अमेरिकेतील मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे आपली सूत्रे मांडली. हवेचे तापमान, तिच्यातील ओलावा आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरचा पारा यांचे नाते त्यांत होते. कूलर कधी चालतो आणि कधी नाही, हे याच नात्यावर ठरते. मे महिन्यात 43 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या थर्मामीटरचा पारा 23 अंशांच्या आसपास असतो. अशा वेळी चांगल्या ताट्यांचा कूलर 27-28 अंशांची हवा देऊ शकतो. जुलैत 33 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असताना ओला पारा 29 वर येतो. मग तोच कूलर जेमतेम तीन अंश उतरवतो आणि वर खोली दमट करतो. मोताळ्यात उन्हाळाभर कामी येणारा कूलर कोकणात निरुपयोगी ठरतो, तो यामुळेच.

माणसाचे शरीरही एक कूलरच आहे. घाम वाळतो तेव्हा शरीर थंड होते. हवा दमट असेल किंवा कोंडलेली असेल तर घाम नुसता निथळतो, वाळत नाही. ओल्या थर्मामीटरचा पारा 35 अंशांवर गेला, तर सावलीत बसलेला धडधाकट माणूसही फार तास तग धरू शकत नाही. वृद्ध, तान्ही बाळे, हृदय किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण आणि लघवी वाढवणारी औषधे घेणारे यांचा धीर त्याच्या कितीतरी आधी सुटतो. अंग तापून 40 अंशांच्या वर जाणे आणि माणूस बरळू लागणे हा उष्माघात आहे. तेव्हा अंगावर पाणी ओतून वारा घालायचा, शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचे नाही आणि 108 ला फोन करून लगेच रुग्णालय गाठायचे.

कॅरिअर यांचा पुढचा प्रवास सोपा नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला कारखान्याने त्यांचा विभाग आवरता घ्यायचे ठरवले. 1915 मध्ये त्यांनी आणि सहा सहकाऱ्यांनी मिळून 32,600 डॉलर उभे केले आणि स्वतःची कंपनी काढली. 1922 मध्ये त्यांनी मोठ्या इमारतींसाठी नवे शीतयंत्र आणले. त्यात विषारी अमोनियाऐवजी अधिक सुरक्षित द्रव होता, त्यामुळे माणसांच्या गर्दीतही ते बसवता येऊ लागले.

1925 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात हे यंत्र सुरू झाले. त्याआधी काही चित्रपटगृहांत गार हवा जमिनीतून सोडत. प्रेक्षकांचे पाय गारठत आणि डोके तापलेलेच राही. कॅरिअर यांच्या इंजिनिअरांनी हवा छतातून सोडून खुर्च्यांखालून बाहेर काढली. पहिल्या दिवशी लोक सवयीने हातपंखे घेऊन आले होते. खेळ रंगला तसे पंखे एकेक करून खाली ठेवले गेले. घराघरांत एसी पोहोचायला मात्र दुसरे महायुद्ध संपावे लागले. 7 ऑक्टोबर 1950 रोजी कॅरिअर यांचे निधन झाले, तेव्हा ती लाट नुकतीच सुरू झाली होती.

घर पाहायला जाणाऱ्याने त्यांची पद्धत उचलावी: आधी मोजणे, मग खरेदी. घर सकाळी नाही, मे महिन्यात दुपारी चारला पाहावे. पश्चिमेच्या भिंतीला आणि वरच्या मजल्याच्या छताला हात लावून पाहावा. शक्य झाल्यास रात्री नऊला पुन्हा लावावा. छत तेव्हाही गरम असेल, तर त्या खोलीत आजी-आजोबांना झोपवता येणार नाही. स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर देता येईल का, पश्चिमेला झाड किंवा छज्जा आहे का, हे बघावे. टिनाच्या छताखाली आतून दुसरे छत लागेल, तो खर्च किमतीत धरावा.

कूलर ज्या खिडकीत बसेल, तिच्या समोर हवा बाहेर जायला दुसरी खिडकी हवी, नाहीतर खोली नुसती ओलसर होते. कूलरला रोज पाणी लागते, तेव्हा ऐन उन्हाळ्यात नळ किती दिवसांआड येतो हे शेजाऱ्यांना विचारावे. तेच पाणी आठवडाभर साचले की डेंग्यूचे डास होतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी करावी. वायरिंग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. कूलरच्या पत्र्यात वीज उतरून दर उन्हाळ्यात जीव जातात. पाणी भरताना प्लग काढलेलाच असावा.

एसी खोलीच्या मापाचाच घ्यावा. फार मोठा एसी खोली झटकन गार करून बंद होतो. हवेतला ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही आणि अंग चिकटच राहते. थंडीसाठी आपल्याकडे वेगळी यंत्रणा सहसा लागत नाही, पण खोली बंद करून कोळशाची शेगडी पेटवणे जिवावर बेतते. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस दगावतो.

हे सगळे तपासायला एक दुपार, एक रात्र आणि साधा थर्मामीटर पुरतो. छत तापणारे आणि हवा कोंडणारे घर एकदा घेतले, की त्याची भरपाई दर महिन्याच्या वीजबिलात आणि घरातल्या सर्वांत अशक्त माणसाच्या तब्येतीत करावी लागते.