रोझेलची पंगत

आनंदीबाई जोशी म्हटलं की आपल्याला एकच ओळ आठवते. डॉक्टर झालेली पहिली भारतीय स्त्री. जनरल नॉलेजच्या पेपरात एक मार्क, संपलं! माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे फ्लोरेन्स नाइटिंगेलवर मी आजही पानभर लिहीन, पण आनंदीबाईंवर तेवढी एकच ओळ. त्यांचं चरित्र हातात आलं ते गेल्या सुट्टीत, भोकरदनला घरी गेले तेव्हा. आजीला थोडं थोडं वाचून दाखवत होते. आजीने डिग्रीचं काही विचारलं नाही. पोर एकटी एवढ्या लांब गेली तर तिकडं खात काय होती, हा तिचा पहिला प्रश्न! आपल्या होस्टेलवाल्यांच्या घरूनही फोनवर हेच विचारतात की.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न झालं, ते पोस्टात कारकून. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. डॉक्टर व्हायचं हे तिथून मनात पक्कं होत गेलं. गोपाळरावांनी कोल्हापुरातून वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला मदतीसाठी पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर थोडक्यात असं, की ख्रिस्ती व्हा, मग बघू. हा पत्रव्यवहार वाइल्डरनी अमेरिकेतल्या आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कारपेंटर बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या, तिथे तो अंक त्यांच्या हाती पडला. बघा, कोणाचं नशीब कुठे ठेवलेलं असतं! ना ओळख ना पाळख, पण या बाईंनी पत्र पाठवलं. पुढे आनंदीबाई कलकत्त्याला आजारी असताना अमेरिकेतून औषधंसुद्धा पाठवली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

जाण्याआधी फेब्रुवारी १८८३ मध्ये आनंदीबाईंनी सेरामपूरला जाहीर भाषण केलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी तिथे सांगून टाकलं. दागिने विकून तिकिटाचे पैसे उभे केले. नवरा बरोबर नाही, वय अठरा. ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघालेलं जहाज ४ जूनला न्यूयॉर्कला लागलं. धक्क्यावर मावशी हजर!

रोझेल आपल्या इलेक्ट्रिकलच्या मंडळींना ठाऊक पाहिजे. एडिसनने खांबांवरून तारा टाकून विजेचे दिवे लावलेलं जगातलं पहिलं गाव ते. १९ जानेवारी १८८३ ला दिवे लागले आणि पाच महिन्यांत तिथे नऊवारीतली आनंदीबाई पोचली.

तो उन्हाळा त्या कारपेंटरांच्या घरी राहिल्या. साडी तीच, कुंकू तेच, जेवण शाकाहारीच. आता फिलाडेल्फियाच्या कॉलेजात जायचं, तर ज्यांनी परक्या मुलीला घरात घेतलं त्यांचे आभार कसे मानायचे? पैसे तर नव्हतेच. मग त्यांनी मावशींच्या मित्रमैत्रिणींना जेवायला बोलावलं आणि घातली चक्क मराठी पंगत! आलेल्या बायकांना साड्या नेसवल्या, सगळ्यांना जमिनीवर बसवलं आणि हाताने जेवायला लावलं. टेबलाशिवाय न जेवणाऱ्या माणसांना!

इथे मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ विचार करत बसले. परक्या ठिकाणी आपण काय करतो? समोरच्यासारखं बोलायला, खायला, दिसायला लागतो. फर्स्ट इयरला रूमवर घरचा ठेचा उघडताना मी आधी दार लावून घ्यायचे. वासाने कोणी हसेल म्हणून! आनंदीबाई तर या लोकांच्या पूर्ण उपकाराखाली होत्या. मदतीची किंमत म्हणून धर्म मागणाराही त्यांना भेटून गेला होता. कारपेंटरबाईंनी काहीच मागितलं नाही, म्हणून त्यांना आनंदीबाईंनी आपल्याकडचं सगळ्यात चांगलं दिलं. यजमान होऊन दिलं. आजीला हे भलतंच पटलं. पाहुण्याने एकदा तरी वाढायला उठावं, असं तिचं म्हणणं.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं. डीन रेचल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी शिष्यवृत्ती मिळवून दिली. तिथल्या थंडीत तब्येत ढासळत गेली, तरी ११ मार्च १८८६ ला पदवी हातात पडली. तेव्हा त्यांना एकविसावं पूर्ण व्हायचं होतं. म्हणजे माझ्याच वयाच्या! समारंभाला गोपाळराव आणि पंडिता रमाबाई होते. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर नेमणूक झाली. पण क्षयाने पोखरलेल्या आनंदीबाई तिथे रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या.

गोपाळरावांनी त्यांची रक्षा कारपेंटरमावशींकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, कारपेंटर कुटुंबाच्या जागेत ती पुरलेली आहे. घरच्या माणसांच्या रांगेतच आनंदीबाई जोशींच्या नावाचा दगड आहे.