मूकपटांना सूर देणारे चार्ली चॅप्लिन

चार्ल्स चॅप्लिन यांनी जगाला हसविले, हे सर्वश्रुत आहे. परंतु ते संगीतकारही होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांच्या चरित्राची हीच बाजू विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते.

त्यांचा जन्म १६ एप्रिल १८८९ रोजी इंग्लंडमध्ये झाला. आईवडील दोघेही रंगभूमीवर गात. परंतु वडील मद्याच्या आहारी गेले. आईचा गळा गेला आणि पुढे तिचे मनही ढळले. सात वर्षांच्या चार्लीला थोरल्या भावासह लंडनमधील निराधारांच्या आश्रयगृहात राहावे लागले. संगीताचे रीतसर शिक्षण कोठून मिळणार? तरुणपणी मात्र त्यांनी व्हायोलिन हाती घेतले आणि डावखुरे असल्याने तारा उलट्या क्रमाने लावून ते तासन्‌तास वाजवू लागले.

१९१४ पासून ते चित्रपटांत चमकू लागले. मूकपट मुका असला तरी चित्रगृह मुके नसे. पडद्याजवळ वादक बसत. परंतु गावोगावचे वादक निराळे, म्हणून संगीतही निराळे. १९३१ च्या ‘सिटी लाइट्स’च्या वेळी बोलपटांचे युग सुरू झाले होते. चॅप्लिन यांनी संवाद नाकारले. मात्र संगीत स्वतः रचून चित्रफितीवरच मुद्रित केले. ते सूर गुणगुणून किंवा वाजवून दाखवीत आणि जाणकार सहायक ते लिहून घेत. विनोदी प्रसंगालाही थिल्लर संगीत त्यांना खपत नसे. भटक्याच्या फाटक्या वेषामागे सूर मात्र त्यांना सुकुमारच हवे असत.

१९२५ च्या ‘द गोल्ड रश’ला त्यांनी १९४२ साली संगीत दिले; मधल्या लिखित पाट्या काढून स्वतःच्या आवाजात निवेदन घातले आणि शेवटचे चुंबनही वगळले. १९९३ साली केव्हिन ब्राउनलो व डेव्हिड गिल यांनी मूळ मूकपट पुन्हा जुळविला. पुढे त्यालाही चॅप्लिन यांच्याच संगीताची जोड देण्यात आली. मग खरी प्रत कोणती? कलावंताला आपली कृती बदलण्याचा अधिकार आहे. पण नव्या प्रतीसाठी जुनी नष्ट होऊ देणे योग्य नव्हे. बूट शिजवून खाणारा भुकेला भटक्या निवेदनासह पाहिला की गोष्ट ऐकल्यासारखी वाटते. निवेदनावाचून पाहिला की भूक आपली आपल्यालाच ओळखावी लागते. म्हणून दोन्ही प्रती जपाव्यात, पण प्रथम मूक प्रत पाहावी, असे आमचे मत आहे.

१९५२ साली अमेरिकेने त्यांचा परतीचा परवाना रद्द केला. त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये घर केले आणि तेथे आपल्या जुन्या मूकपटांना एकेक करून संगीत दिले. १९२१ च्या ‘द किड’ला १९७१ साली, तर १९२३ च्या ‘अ वुमन ऑफ पॅरिस’ला १९७६ साली त्यांचे सूर लाभले. तेव्हा त्यांचे वय ८७ होते. २५ डिसेंबर १९७७ रोजी त्यांचे निधन झाले.

आश्रयगृहातील त्या मुलाला स्वरलिपी कोणी शिकविली नाही. तरी मनातले सूर लोकांपर्यंत पोहोचविण्याचे काम त्याने अखेरपर्यंत सोडले नाही. आम्हांस त्यांचे हास्य जितके प्रिय, तितकीच ही चिकाटी वंदनीय वाटते.