सावेदादा : धावता क्षण पकडू पाहणारा छायाचित्रकार

भारतीय चित्रपटाचा इतिहास सांगताना बहुतेकांची सुरुवात दादासाहेब फाळके यांच्या १९१३ मधील ‘राजा हरिश्चंद्र’पासून होते. परंतु त्याआधी १४ वर्षे मुंबईतील एका मराठी छायाचित्रकाराने हलत्या माणसांसमोर कॅमेरा रोवून त्याची मूठ फिरवली होती. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे त्यांचे नाव. जनमानसात मात्र ते सावेदादा म्हणूनच ओळखले गेले. भारतीय माणसाने केलेल्या अगदी आरंभीच्या चलच्चित्रणांत त्यांच्या कामाची गणना होते. गती टिपण्याची विद्या शिकवणारा कोणीही जवळ नसताना त्यांनी ती हस्तगत करण्याचे धाडस केले, हे त्यांच्या चरित्राचे खरे मर्म आहे.

सावेदादांचा जन्म १८६८ मध्ये मुंबईत झाला. छायाचित्रण हा त्यांचा व्यवसाय होता. त्या काळचे छायाचित्रण म्हणजे स्थिरतेची उपासना. समोरच्याला नीट बसवायचे, प्रकाश पाहायचा, हालचाल थांबली की काच उजेडाला दाखवायची. माणूस हलला की चित्र बिघडले, असा त्या विद्येचा साधा नियम होता. या नियमात मुरलेल्या हातांना पुढे नेमके उलटे काम करायचे होते.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींचा खेळ झाला. तिकिटाचा दर होता एक रुपया. फलाटाकडे येणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार अशी रोजचीच दृश्ये पडद्यावर हलताना पाहून मुंबईकर थक्क झाले. हे खेळ सावेदादांनीही पाहिले. इतर प्रेक्षक आश्चर्य घेऊन घरी परतले, सावेदादांनी मात्र इंग्लंडमधील रायली ब्रदर्स या पेढीकडून २१ गिनी मोजून चलच्चित्रणाचा कॅमेरा मागवला. छायाचित्रणावर पोट भरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हती.

नोव्हेंबर १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती झाली. सावेदादांनी चित्रणासाठी निवडला तो हाच प्रसंग. नवशिक्याच्या दृष्टीने पाहिले तर ही निवड फार सोयीची होती. मल्ल चपळ असतात, पण कुस्ती ठरलेल्या जागेतच रंगते. कॅमेरा तिकाटण्यावर एका जागी उभा असला, तरी गती चौकटीबाहेर पळून जात नाही. शिवाय डाव अडला की दोन्ही मल्ल क्षणभर थबकतात आणि चित्र स्पष्ट उमटायला अवसर मिळतो.

गतीचे हे गणित आजही बदललेले नाही. उज्जैनच्या राम घाटावर क्षिप्रेची सायंआरती टिपू पाहणाऱ्याला तेच सोडवावे लागते आणि शर्यतीच्या मार्गावर पहिल्यांदाच मोटारींवर कॅमेरा रोखणाऱ्यालाही. ओवाळणारा हात आडवा फिरतो, तेव्हा कॅमेऱ्याची झडप सावकाश मिटली तर ज्योतीची तेजस्वी रेघ उमटते. हात वळणावर येऊन थबकतो, त्या निमिषात ज्योत जागच्या जागी दिसते. मोटारीचेही तसेच. समोरून आडवी जाणारी गाडी चित्रात सर्वाधिक सरकते, तिरकी आपल्याकडे येणारी कमी सरकते. वळणावर तिचा वेग मंदावतो, म्हणून जाणकार तेथे उभे राहतात. गाडीच्या वेगाने कॅमेराही फिरवला, तर गाडी स्पष्ट राहते आणि मागचे जग पुसट होते. ल्युमिएर बंधूंची आगगाडीदेखील पडद्यावर तिरकीच आली होती.

ही कोडी त्या काळात जगभर सोडवली जात होती. १८७८ मध्ये अमेरिकेत मायब्रिज याने धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीने मांडून दौडत्या घोड्याची चित्रे घेतली आणि घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून उचलले जातात, हे सिद्ध केले. १९१२ च्या सुमारास फ्रान्समध्ये लार्तिग या विशीही न गाठलेल्या हौशी मुलाने शर्यतीतील मोटार टिपताना कॅमेरा तिच्याबरोबर फिरवला. गाडी अर्धी कापली गेली, चाक पुढे झुकलेले आणि कडेची माणसे मागे कललेली उमटली. अनेक दशके दुर्लक्षित राहिलेले ते चित्र आज वेगाचे अप्रतिम दर्शन मानले जाते.

सावेदादांना मात्र चूक झाली की नाही, हे कळायलाही वाट पाहावी लागे. कुस्तीची फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. बोटीने ती जाणार, धुतली जाणार आणि बोटीनेच परतणार. मूठ हळू फिरली की जोरात, प्रकाश पुरला की नाही, याचा निकाल तोवर समुद्रापलीकडे. दरम्यान सावेदादांनी परदेशी चित्रफितींचे खेळ दाखवायला प्रारंभ केला. दुसऱ्या चित्रणासाठी त्यांनी माकडांचा खेळ करणारा मदारी निवडला.

डिसेंबर १९०१ मध्ये त्यांची खरी कसोटी लागली. कोकणातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत सीनियर रँग्लर ठरले होते. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. ते मायदेशी परतले, तेव्हा मुंबईत त्यांचे जंगी स्वागत झाले आणि सावेदादांनी ते चित्रित केले. कुस्ती पुन्हा लावता आली असती, मदाऱ्याला पुन्हा बोलावता आले असते. हा सोहळा पुन्हा घडणार नव्हता. गर्दी कॅमेऱ्याच्या सोयीने थांबणारी नव्हती. भारतातील वार्तापटाचा उगम अभ्यासक या चित्रफितीत शोधतात. १९०३ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या दिल्ली दरबाराचेही चित्रण सावेदादांनी केले.

पुढे चित्रणाचे काम मागे पडले आणि मुंबईतील गेइटी थिएटरच्या व्यवसायात ते रमले. १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले. मूकपट, बोलपट आणि रंगीत चित्रपट ही सारी स्थित्यंतरे त्यांच्या हयातीतच घडली होती.

त्यांनी टिपलेली कुस्ती आज पाहायला मिळत नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म लवकर पेट घेणारी आणि आपोआप कुजणारी. त्या पिढीच्या बहुतेक चित्रफिती अशाच नाहीशा झाल्या. सावेदादांच्या कामाची ओळख आता केवळ नोंदींतून होते. आज खिशातल्या फोनवर चुकलेले चित्र त्याच क्षणी दिसते आणि पुढच्या क्षणी सुधारताही येते. २१ गिनी खर्चून, निकालासाठी बोटीची वाट पाहत शिकणाऱ्या या माणसाने पहिल्या प्रयत्नानंतर कॅमेरा खाली ठेवला नाही, म्हणूनच परांजप्यांच्या स्वागताच्या वेळी चौपाटीवर एक भारतीय चलच्चित्रकार हजर होता.