विश्लेषण : इंजिनिअर व्हायला गेलेले होमी भाभा कणांच्या हिशेबात कसे रमले? हिंगोलीच्या ‘लायगो’शी त्यांचा संबंध काय?

आखाडा बाळापूर : आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रकल्पाची मुख्य जबाबदारी अणुऊर्जा विभागाकडे आहे. या विभागाचे पहिले सचिव डॉ. होमी भाभा. त्यांना आपण अणुभट्ट्यांमुळे ओळखतो. पण आधी गणिताने घटना घडवून पाहायची आणि मग ती निरीक्षणाशी ताडायची, या आजच्या संशोधन पद्धतीची एक पायरी त्यांनी वयाच्या अठ्ठाविशीच्या आतच रचली होती.

इंजिनिअरिंग सोडून भौतिकशास्त्र का?

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत, पारशी कुटुंबात झाला. १९२७ मध्ये ते मेकॅनिकल इंजिनिअरिंगसाठी केंब्रिजला गेले. परतून जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, ही घरच्यांची इच्छा. होमींचे मन मात्र भौतिकशास्त्रात होते. आधी इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पास हो, मग गणित शीक, अशी अट वडिलांनी घातली. १९३० मध्ये त्यांनी ती पूर्ण केली.

कणांचा वर्षाव म्हणजे काय?

अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे एकाच वेळी असंख्य कण कसे दिसतात, हे तेव्हा कोडे होते. १९३७ मध्ये भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी ते सोडवले. वेगवान इलेक्ट्रॉन अणूजवळून जाताना गॅमा किरण सोडतो. त्या किरणातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी तयार होते. पुढे तेच चक्र चालू राहते. प्रत्येक टप्प्यात कण दुप्पट होतात असे धरले, तर दहा टप्प्यांत १,०२४ आणि वीस टप्प्यांत दहा लाखांहून अधिक कण होतात. ऊर्जा वाटली जाऊन कमी झाली की वर्षाव थांबतो. अमेरिकेत ओपेनहायमर आणि कार्लसन यांनीही त्याच वर्षी असाच हिशेब मांडला.

हिशेब जुळला नाही तेव्हा काय झाले?

काही कण जाड शिशातूनही आरपार जात होते. इलेक्ट्रॉनला ते शक्य नव्हते. गणित बरोबर असेल, तर हा कण वेगळा आणि जड असला पाहिजे, असे भाभांनी मांडले. आज आपण त्याला म्यूऑन म्हणतो.

मग सिम्युलेशन कशाला?

भाभांचे मूळ गणित सरासरी सांगत होते. प्रत्यक्षात प्रत्येक टक्करीत नशिबाचा भाग असतो, त्यामुळे दोन वर्षाव सारखे नसतात. म्हणून आता संगणक प्रत्येक टक्करीला जणू फासे टाकतो. या पद्धतीला ‘मॉन्टे कार्लो’ म्हणतात.

१९३९ मध्ये सुट्टीवर भारतात आलेले भाभा महायुद्धामुळे इथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली. तिथेच ‘टिफ्रॅक’ हा देशी संगणक बनला आणि १९६० मध्ये चालू झाला. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात भाभांचा मृत्यू झाला.

आज ‘कॉर्सिका’सारखी सॉफ्टवेअर असे वर्षाव संगणकात घडवतात. तरीही सर्वांत मोठ्या वर्षावांत सिम्युलेशनपेक्षा जास्त म्यूऑन सापडतात. म्हणजे ज्या कणाने भाभांना पेचात टाकले, तोच आजही हिशेब चुकवतो आहे.

हिंगोलीत याचे काय?

कृष्णविवरांच्या टकरीतून कशी लहर निघेल, हे आधी संगणकावर काढतात. वेधशाळेत आलेला संकेत त्या आराखड्यांशी ताडला की कृष्णविवरांचे वस्तुमान कळते. आराखडा चुकला, तर उत्तरही चुकते. म्हणून लायगोला चार किलोमीटरच्या भुजा आणि लेसर जितके लागतील, तितकेच गणित आणि कोडिंग येणारे तरुणही लागतील. जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी ही तयारी आतापासूनच सुरू करायला हरकत नाही.