डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि निवडणूक आयोगाचे स्वातंत्र्य

निवडणुकीची ड्यूटी लागली की आपण मतदान केंद्रावर यादी, शाई, यंत्र घेऊन बसतो. तेव्हा आपण निवडणूक आयोगाचं काम करत असतो. हा आयोग सरकारच्या दबावाखाली येऊ नये, याची तरतूद संविधान सभेत मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. मुंबईत आणि पुढे कोलंबिया विद्यापीठात शिकून ते १९१७ मध्ये बडोदा संस्थानात नोकरीला लागले. हुद्दा मोठा होता; पण शिपाई फायली लांबूनच टाकायचे आणि शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी नोकरी सोडावी लागली. नुसत्या हुद्द्याने संरक्षण मिळत नाही, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं.

१९४७ मध्ये ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. आधी प्रत्येक प्रांताला वेगळा निवडणूक आयोग देण्याचा विचार होता. पण काही प्रांतांत परभाषिकांची नावे मतदार यादीतून वगळली जात असल्याच्या तक्रारी आल्या. म्हणून जून १९४९ मध्ये बाबासाहेबांनी संपूर्ण देशासाठी एकच आयोग सुचवला.

मुख्य निवडणूक आयुक्तांना काढायचं कसं? सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना काढतात तसंच. गैरवर्तन किंवा अक्षमता सिद्ध झाली पाहिजे. शिवाय दोन्ही सभागृहांत दुहेरी बहुमत हवं. समजा, ५४३ जणांच्या लोकसभेत ४५० जणांनी मतदान केलं, तर दोन तृतीयांश म्हणजे ३०० मतं लागतील. आणि मतदान कमी झालं तरी निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान २७२ मतं हवीतच. इतर आयुक्तांना मात्र मुख्य आयुक्तांची शिफारस असेल तरच काढता येतं.

एक उणीव बाबासाहेबांनी सभागृहात मोकळेपणाने मान्य केली. काढणं अवघड केलं, पण सरकारच्या मुठीतलाच माणूस नेमला गेला तर? नेमणुकीचा कायदा संसदेवर सोपवला गेला. तो यायला २०२३ साल उजाडलं, आणि त्यावर आजही वाद चालू आहे.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये सुकुमार सेन यांच्या आयोगाने घेतली. त्यात उत्तर मुंबईतून उभे राहिलेले बाबासाहेब पराभूत झाले. बाद ठरलेल्या मतांबद्दल त्यांची तक्रार होती. ती त्यांनी रीतसर अर्ज करून मांडली. नियम स्वतःच्या विरोधात गेला, तरी वाट नियमाचीच धरली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

वर्गात मॉनिटर निवडताना मुलांना एवढंच विचारून पाहा : मॉनिटरला काढायचं कोणी, आणि कोणत्या कारणासाठी? मुलं छान वाद घालतात. संविधानाचा पहिला धडा तिथेच सुरू होतो.