ख्रिस्ती ओवीकार

स्वधर्माविषयी कडवी निष्ठा आणि परक्या भाषेविषयी प्रेम ही एकाच अंतःकरणात क्वचितच सुखाने नांदतात. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ठायी ती नांदली. इंग्लंडात जन्मलेले हे जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरले, तेव्हा साष्टीतील देवळे जमीनदोस्त होऊन बारा वर्षे लोटली होती. ज्या सत्तेच्या छत्राखाली ते आले, तिचे घाव आमच्या पूर्वजांनी सोसले. धर्मप्रसार हेच स्टीफन्स यांचेही कार्य होते. तथापि येथील वाणी त्यांनी कधी हीन लेखली नाही. पुराणांना मुकलेल्या नवख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी सुमारे अकरा हजार मराठी ओव्या रचल्या. ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. कोकणीचे व्याकरणही त्यांनी लिहिले. १६१९ साली ते निवर्तले आणि १६८४ साली व्हाइसरॉयच्या हुकुमाने देशी भाषेवरच बंदी आली. सत्याच्या आग्रहास प्रीतीची नम्रता जोडावी, ही ख्रिस्ती धर्माची शिकवण राज्यकर्त्यांहून या साधूला अधिक उमगली होती. जुने घाव स्मरणात ठेवूनच आम्ही या ओवीकारास वंदन करतो.